सेल्फ घेते, पण सुरू होत नाही

चावी फिरवली की इंजिन फिरतं, आवाज नेहमीसारखा येतो, पण ते पकडत नाही. गॅरेजच्या भाषेत सांगायचं तर "गाडी सेल्फ घेते, पण स्टार्ट होत नाही." ही तक्रार आणि "गाडी सेल्फच घेत नाही" ही तक्रार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सेल्फ न घेणाऱ्या गाडीत चावी फिरवल्यावर नुसतं 'टक' होतं किंवा काहीच होत नाही. तिथे संशय बॅटरीवर, तिच्या टर्मिनलवर किंवा सेल्फच्या मोटरवर जातो. आपल्या गाडीत मात्र इंजिन दमदार फिरतंय, म्हणजे ही सगळी मंडळी आपापलं काम करताहेत. चूक त्यांच्या पलीकडे कुठेतरी आहे.

ती चूक शोधण्याची एक रीत आहे, आणि ती न पाळल्यामुळे लोकांचे फार पैसे जातात. आधी प्लग बदलले जातात, मग कॉइल, मग टाकीतला पंप, आणि शेवटी कळतं की एक फ्यूज उडाला होता. पार्ट बदलून बघणं म्हणजे तपासणी नव्हे. खरी तपासणी म्हणजे असा एकेक प्रश्न विचारणं, की त्याच्या उत्तराने निम्मे संशयित सुटावेत. यातले बरेच प्रश्न गाडीचा मालक स्वतः, हातात पाना न घेता विचारू शकतो. इथे मुख्यतः आपल्या रस्त्यांवर सर्वांत जास्त दिसणारी तीन किंवा चार सिलिंडरची इंजेक्शनची पेट्रोल गाडी समोर धरली आहे. सीएनजी आणि डिझेलचं वेगळेपण पुढे येईल.

इंजिनाला हवं तरी काय?

सेल्फ इंजिनाला मिनिटाला साधारण २०० ते ३०० फेरे देतो. गाडी उभी असताना सुरू इंजिन ७०० ते ९०० फेऱ्यांनी चालतं. मधलं अंतर इंजिनाने स्वतःच्या बळावर कापायचं असतं, आणि त्यासाठी त्याला चार गोष्टी लागतात : हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब. या दाबालाच कॉम्प्रेशन म्हणतात.

१२०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी येतात. कॉम्प्रेशनचं प्रमाण ११ ला १ धरलं, तर पिस्टन सर्वांत वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर फक्त ३० सीसी जागा उरते. म्हणजे ३३० सीसी जागेतलं हवा-पेट्रोलचं मिश्रण ३० सीसीत दाबलं जातं. ते दाबलं जाऊन तापलेलं असताना, नेमक्या क्षणी प्लगने ठिणगी टाकली की स्फोट होतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. ठिणगी लवकर पडली किंवा उशिरा पडली, वाल्व चुकीच्या वेळी उघडला, तर चारही गोष्टी हजर असून उपयोग नसतो. म्हणून 'टायमिंग' ही पाचवी अट.

इंजेक्शनच्या गाडीत सहावी अटही आहे : परवानगी. पेट्रोल किती आणि कधी फवारायचं, ठिणगी कधी टाकायची, हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. त्याला वीज मिळाली पाहिजे, इंजिन फिरतंय हे कळलं पाहिजे आणि चावी ओळखीची वाटली पाहिजे. यातलं एक जरी नसलं तरी तो गप्प बसतो. पुढची सगळी तपासणी म्हणजे या सहांपैकी कोण गैरहजर आहे, हे शोधणं.

आधी दोन पथ्यं

पहिलं पथ्य पाण्याचं. कोल्हापूर-सांगलीचा पूर असो की मुंबईतल्या हिंदमाता आणि मिलन सबवेचं तुंबलेलं पाणी, गाडी पाण्यात बंद पडली असेल किंवा उभी गाडी पाण्यात बुडाली असेल, तर सेल्फ अजिबात मारू नका. वरचा हिशेब आठवा. पिस्टनच्या डोक्यावर ३० सीसी जागा असते आणि हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. दोन-तीन मोठे चमचे पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरलं असेल, तर वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी टो करून नेली तर अनेकदा प्लग काढून पाणी बाहेर फेकणं, ऑइल आणि फिल्टर बदलणं, वायरिंग वाळवणं एवढ्यावर भागतं. एकदा सेल्फ मारून पाहिला, तर इंजिन उघडावं लागू शकतं. साध्या विम्यात हे नुकसान सहसा धरलं जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते.

दुसरं पथ्य सेल्फचं. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. सेल्फची मोटर शंभर अँपिअरहून अधिक वीज खेचते आणि झपाट्याने तापते. शिवाय प्रत्येक प्रयत्नागणिक न जळलेलं पेट्रोल आत साचतं, आणि मूळ बिघाडावर दुसरा बिघाड चढतो.

धक्का मारण्याचा मोहही आवरा. धक्क्याने जे होतं, म्हणजे इंजिन फिरणं, ते सेल्फ आधीच करतो आहे. उलट न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, आणि गाडी अचानक पकडली तर तिथे जळून तो महागडा भाग खराब करतं.

कानाने तपासणी

आता एकदाच, पाच सेकंद सेल्फ मारा आणि फक्त ऐका. निरोगी इंजिन सेल्फवर फिरताना एका तालात दम खातं. प्रत्येक सिलिंडर दाबावर आला की आवाज जड होतो आणि लगेच मोकळा होतो.

आवाज मंद आणि ओढल्यासारखा असेल, तर बॅटरीकडे परत या. चार्ज असलेली बॅटरी आराम करताना १२.६ व्होल्टच्या आसपास असते. सेल्फ मारताना ती साडेनऊ-दहाच्या खाली जाऊ नये. कधीकधी बॅटरी इंजिन फिरवण्याइतकी जिवंत असते, पण त्या ओढीत उरलेल्या विजेवर ईसीएम नीट काम करत नाही. कोकण किनाऱ्यावरच्या गाड्यांत इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी खाऱ्या हवेने गंजते. तिचा परिणामही असाच दिसतो.

आवाज नेहमीपेक्षा हलका, भरभर आणि तालाशिवाय येत असेल, जणू इंजिनाला काही ओझंच नाही, तर तिथेच थांबा. दाब नाही, असा त्याचा अर्थ. टायमिंग बेल्ट तुटला असेल किंवा घसरला असेल, आणि अशा वेळी सेल्फ मारत राहिल्याने उघडे राहिलेले वाल्व पिस्टनला धडकून वाकू शकतात. बेल्ट तुटल्याची खात्री करण्याची एक सोपी युक्ती मेकॅनिक वापरतात. ऑइल भरण्याचं झाकण उघडून आत पाहायचं आणि दुसऱ्याने क्षणभर सेल्फ मारायचा. बऱ्याच इंजिनांत तिथून कॅमशाफ्ट दिसतो. सेल्फवर तो फिरत नसेल, तर पुढची कोणतीही तपासणी करण्याची गरज नाही.

ताल नेहमीचा असेल तर दाब आणि टायमिंग बहुधा शाबूत आहेत, असं धरून पुढे जायला हरकत नाही. सहापैकी दोन संशयित एका आवाजावर बाजूला झाले.

डॅशबोर्ड काय सांगतो?

चावी 'ऑन'वर आणा, सेल्फ मारू नका. आता तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, इंजिनाच्या आकाराचा चेक लाइट. इंजिन बंद आणि चावी ऑन असताना तो लागलाच पाहिजे. तो लागत नसेल, तर ईसीएमला वीजच मिळत नसण्याची दाट शक्यता आहे. मुख्य रिले, ईसीएमचा फ्यूज, अर्थिंग, एवढ्याच जागा तपासायच्या. हा लाइट फक्त बिघाड झाला की लागतो, असा समज आहे. पण योग्य वेळी न लागणं हासुद्धा बिघाडच.

दुसरी, चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह असलेला दिवा. तो काही क्षणांत विझायला हवा. तो लुकलुकत राहिला, तर गाडीने चावी ओळखलेली नाही. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक इवलीशी चिप असते. ती बॅटरीवर चालत नाही, चावीच्या खाचेभोवतीच्या कॉइलकडून तिला क्षणभर ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक सांगते. म्हणून रिमोटचा सेल संपला तरी चिप चालते, पण चावी आपटून चिप निसटली किंवा नवं कव्हर घालताना जुन्या डोक्यातच राहून गेली, तर गाडी चावीला परकी मानते. बऱ्याच गाड्या अशा वेळी सेल्फ फिरू देतात आणि पेट्रोल किंवा ठिणगी बंद ठेवतात. घरातली दुसरी चावी लावून पाहणं ही बिनखर्चाची तपासणी आहे. बटण-स्टार्ट गाडीत रिमोटचा सेल संपला असेल, तर रिमोट बटणाला टेकवून किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी धरून पाहावा.

तिसरी गोष्ट सेल्फ मारताना पाहायची, ती म्हणजे आरपीएमचा काटा. बऱ्याच गाड्यांत सेल्फवर तो शून्यावरून जरासा हलतो. हे छोटंसं हलणं फार मोलाचं असतं. इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळतंय, असं ते सांगतं. काटा पूर्ण निपचित राहिला, तर क्रँक सेन्सरवर संशय जातो. सगळ्या गाड्यांत काटा हलतोच असं नाही, त्यामुळे हा पक्का पुरावा नव्हे, पण दिशा नक्की मिळते.

पंपाचा आवाज

पेट्रोलचा पंप टाकीत, सहसा मागच्या सीटखाली असतो. चावी ऑन केली की तो दोन-तीन सेकंद 'झूंऽऽ' असा चालतो आणि थांबतो. इंजिन सुरू होण्याआधी नळीत दाब भरून ठेवण्यासाठी ही सोय असते. एसीचा पंखा आणि गाणी बंद करा, एकाला मागच्या सीटवर कान देऊन बसवा आणि चावी ऑन करा.

आवाज आला, तर पंपाला वीज मिळते आणि मोटर फिरते, एवढं सिद्ध झालं. आवाज आला नाही, तर थेट पंपाला दोषी धरू नका. आधी पंपाचा फ्यूज पाहा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये त्याची जागा दिलेली असते. मग रिले. त्याच बॉक्समध्ये हॉर्नचा किंवा एसीचा रिले पुष्कळदा त्याच क्रमांकाचा असतो. तो काढून पंपाच्या जागी लावला आणि पंप बोलू लागला, तर बिघाड सापडला. काही गाड्यांत जोराचा धक्का बसल्यावर पंप बंद करणारा सुरक्षा स्विच असतो. मोठ्या खड्ड्यात चाक आपटल्यानंतर गाडी बंद पडली असेल, तर तो दाबून पूर्ववत करावा लागतो.

हे सगळं ठीक असेल, तर मेकॅनिक पंपाच्या कनेक्टरवर व्होल्ट मोजतो. चावी ऑन केल्याच्या त्या दोन-तीन सेकंदांत तिथे १२ व्होल्ट येत असतील आणि अर्थिंगही नीट असेल, तरच पंप मेलेला आहे. वीजच येत नसेल, तर दोष अलीकडच्या वायरिंगमध्ये आहे आणि नवा पंपही मुकाच राहील. हे एक मोजमाप टाळल्यामुळे कितीतरी चांगले पंप भंगारात गेले आहेत.

पंप फिरतोय, पण दाब पुरेसा नाही, असंही होतं. बहुतेक पेट्रोल इंजेक्शन गाड्यांत तीन ते चार बारच्या आसपास दाब लागतो. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. तो गेजनेच कळतो, आवाजावरून नाही. फिल्टर तुंबला, रेग्युलेटर गळू लागला की आवाज तोच राहतो आणि दाब घसरतो.

पेट्रोलच्या गुणवत्तेकडेही लक्ष हवं. आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉलला पाणी प्रिय. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. पावसाळ्यात इंधन भरल्यावर काही अंतरातच गाडी बंद पडली असेल, तर मेकॅनिकला पारदर्शक बाटलीत नमुना काढायला सांगा. दोन थर दिसले तर वेगळा पुरावा नको.

ठिणगी आहे की नाही?

सेल्फ मारून झाल्यावर सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वास येतो का? उग्र वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय, पण जळत नाही. अजिबात वास नसेल, तर पेट्रोल पोचतच नाही. प्लग काढला तर हेच डोळ्यांना दिसतं. प्लग कोरडा असेल तर पेट्रोलकडे वळा, ओला असेल तर ठिणगीकडे.

पूर्वीच्या कार्बोरेटरच्या गाड्यांत प्लगची वायर काढून बॉडीजवळ धरायची आणि ठिणगी पाहायची, ही सर्रास पद्धत होती. आजच्या गाड्यांत ती धोक्याची आहे. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, हजारो व्होल्ट तयार होतात, आणि त्यांना जायला वाट नसली तर कॉइल किंवा ईसीएम जळू शकतो. ठिणगी तपासण्याचा छोटा टेस्टर मिळतो, तोच वापरावा. त्याआधी पंपाचा फ्यूज काढून ठेवावा, कारण उघड्या सिलिंडरमधून येणारी पेट्रोलची वाफ त्याच ठिणगीने पेटू शकते.

इथे एक विचार पक्का धरून ठेवा. तिन्ही-चारी प्लग एका सकाळी एकदम मरत नाहीत. एक प्लग गेला तर गाडी सुरू होते, पण थरथरते, ओढत नाही. कॉइलचं आणि इंजेक्टरचंही तसंच. सगळे सिलिंडर एकाच वेळी गप्प झाले असतील, तर कारण सगळ्यांच्या मागे असलेल्या एकाच जागी शोधायचं. इमारतीतल्या सगळ्या घरांची वीज एकदम गेली, तर आपण प्रत्येक घरातला बल्ब बदलत नाही, मीटर रूम पाहतो.

ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही, अशी स्थिती असेल, तर दोन बिघाड एकदम झालेत असं समजू नका. दोघांचा मालक एकच आहे. ईसीएमची वीज, चावीची ओळख आणि क्रँक सेन्सर या तिघांतच बहुतेकदा उत्तर सापडतं. क्रँक सेन्सर इंजिनाच्या मुख्य शाफ्टवरच्या दातेरी चाकाशेजारी बसतो आणि दात सरकताना पाहून शाफ्टची जागा व वेग कळवतो. त्याचा निरोप आला नाही, तर ईसीएमच्या दृष्टीने इंजिन थांबलेलं आहे. थांबलेल्या इंजिनात तो ठिणगी टाकत नाही, पेट्रोल फवारत नाही, आणि पंपही दोन-तीन सेकंदांत बंद करतो. अपघातात इंजिन थांबल्यावर पंपाने पेट्रोल ओतत राहू नये म्हणून ही तरतूद असते. त्यामुळे एक लहानसा सेन्सर गेला की पंप, कॉइल आणि इंजेक्टर हे तिघेही दोषी दिसू लागतात.

या सेन्सरची आणखी एक ओळख म्हणजे उष्णता. गाडी घाट चढून आल्यावर बंद पडते, मग कितीही सेल्फ मारला तरी पकडत नाही, आणि तासाभराने, बॉनेट निवल्यावर काहीच न झाल्यासारखी सुरू होते. सेन्सरमधला सूक्ष्म तडा तापल्यावर उघडतो आणि गार झाल्यावर मिटतो. अशी गाडी गॅरेजमध्ये थंड अवस्थेत नेली तर तिच्यात काहीच सापडत नाही. म्हणून "गरम असतानाच होतं" हे वाक्य मेकॅनिकला सांगणं फार महत्त्वाचं आहे. थकलेला पंपही कधीकधी असाच वागतो. गाडी बंद असताना, त्या गरम अवस्थेतच, पंपाचा आवाज आणि काटा तपासला तर दोघांत निवाडा होतो.

पेट्रोल जास्त झालं असेल तर

पार्किंगमधून गाडी दोन फूट हलवायची म्हणून सुरू केली आणि लगेच बंद केली. दुसऱ्या दिवशी ती सेल्फ घेते, पण पकडत नाही. थंड इंजिनाला ईसीएम जास्त पेट्रोल देतो. इंजिन तापण्याआधीच बंद केल्याने ते प्लगवर साचतं आणि सगळे प्लग एकदम ओले होतात. सगळे प्लग एकदम निकामी होण्याचा हा एक नेहमीचा अपवाद. यावरचा उपाय बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत आधीच घालून दिलेला असतो. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि मग सात-आठ सेकंद सेल्फ मारा. पूर्ण दाबलेला अ‍ॅक्सिलरेटर पाहून ईसीएम पेट्रोल बंद करतो, नुसती हवा आत जाते आणि प्लग वाळतात. इंजिन पकडू लागलं की पाय हळूहळू उचला.

सीएनजीची गाडी

मुंबई-पुण्यापासून नाशिकपर्यंत सीएनजीच्या गाड्या असंख्य आहेत, आणि त्यांचं एक खास दुखणं आहे. बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन थोडं तापल्यावर गॅसवर जातात. टाटाने २०२२ पासून आणलेल्या काही गाड्या थेट गॅसवर सुरू होतात, पण पेट्रोलवर सुरू होणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मालक मात्र पेट्रोलचा काटा महिनोन्‌महिने तळाशी ठेवतो. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच गार राहतो. टाकी कोरडी पडू लागली की तो तापून झिजतो, आणि उरलेलं पेट्रोल शिळं होऊन चिकटा धरतं. गॅस भरलेला असूनही गाडी सकाळी सुरू होत नाही, याचं कारण इथे असतं.

तपासणीच्या दृष्टीने मात्र सीएनजीच्या मालकाकडे एक चांगलं साधन आहे. अनेक किटमध्ये अडचणीच्या वेळी थेट गॅसवर सुरू करण्याची सोय असते. तिची कृती किटच्या पुस्तिकेत मिळते. गाडी गॅसवर सुरू झाली, तर ठिणगी, दाब, टायमिंग, क्रँक सेन्सर, चावी या सगळ्यांना एका झटक्यात निर्दोष ठरवता येतं. दोष फक्त पेट्रोलच्या वाटेवर उरतो. टाकीत नेहमी निदान पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि अधूनमधून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा, ही सवय पंपाच्या किमतीपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

डिझेलची गाडी

डिझेलमध्ये ठिणगी नाही. हवा पेट्रोल इंजिनापेक्षा कितीतरी जास्त, १६-१८ पट दाबली जाते आणि तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. त्यामुळे मंद फिरणारा सेल्फ आणि कमी झालेला दाब इथे जास्त नडतो. थंडीत ग्लो प्लग सिलिंडर तापवतात. गुंडाळलेल्या तारेचं चिन्ह विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारावा.

डिझेल संपेपर्यंत गाडी चालवली किंवा फिल्टर नुकताच बदलला असेल, तर लाइनमध्ये 'एअर धरली' हा पहिला संशय. फिल्टरवर हातपंप असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबून हवा काढतात. फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा दिवा लागला असेल, तर खालचा स्क्रू सैल करून पाणी सोडावं लागतं. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत इंधन सोडणारा सोलेनॉइड असतो. त्याची वायर सुटली तरी गाडी सेल्फ घेते आणि सुरू होत नाही.

कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून (रेलमधून) डिझेल देणाऱ्या गाड्यांत सेल्फवर रेलमध्ये साधारण २०० बारपर्यंत दाब उभा राहिला, तरच इंजेक्टर उघडतात. स्कॅनरवर तो आकडा दिसतो. दाब चढत नसेल तर पंप, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. या गाडीत एअर काढण्यासाठी इंजेक्टरचे पाइप कधीही सैल करू नयेत. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते, आणि ती जखम वरून किरकोळ दिसली तरी गंभीर असते.

स्कॅनरचं ऐकावं कसं?

२०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली स्कॅनरचं सॉकेट असतं. स्कॅनर कोड देतो, आणि तो कोड म्हणजेच निकाल, असं मानलं जातं. पी०३३५ हा कोड आला की क्रँक सेन्सर बदलला जातो. वास्तविक तो कोड 'क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड' एवढंच म्हणतो. सर्किटमध्ये सेन्सर आहे, कनेक्टर आहे आणि वायरही आहे. आपल्याकडे उंदीर या वायरी आवडीने कुरतडतात. रात्री गाडी ठीक होती आणि सकाळी सुरू होत नसेल, तर बॉनेट उघडून आधी कुरतडलेलं प्लास्टिक आणि लेंड्या दिसतात का ते पाहा. एअर फिल्टरच्या डब्यातही बघा, तिथे चिंध्यांचं घरटं निघतं.

कोडपेक्षा चालू आकडे जास्त बोलतात. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम दिसतो का? चावी ओळखल्याची नोंद आहे का? रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाचं तापमान बाहेरच्या हवेएवढं दिसतं का? तिथे उणे ४० अंश दिसत असेल, तर तापमानाच्या सेन्सरची वायर तुटलेली आहे. ईसीएमने ते खरं मानलं, तर तो कडाक्याच्या थंडीचा हिशेब करून पेट्रोल ओततो आणि प्लग भिजवतो.

मेकॅनिकला फोन करताना

एवढं पाहून झालं की पाना न उचलताही तुमच्याकडे भक्कम माहिती जमलेली असते. सेल्फचा आवाज तालात आहे की मोकळा? चेक लाइट लागतो का? चावीचा दिवा विझतो का? काटा हलतो का? पंप बोलतो का? सायलेन्सरला वास येतो का? गाडी थंड असताना बंद पडली की तापल्यावर? शेवटचं इंधन कधी भरलं, गाडी पाण्यातून गेली का, हल्ली काही काम केलं होतं का? चांगला मेकॅनिक हेच विचारतो. ही उत्तरं आधीच मिळाली, तर तो योग्य हत्यारं घेऊन येतो आणि त्याचाही वेळ वाचतो.

त्याला "पंप बदला" असं सांगू नका. "चावी ऑन केल्यावर पंपाचा आवाज येत नाही, फ्यूज शाबूत आहे, रिले बदलून पाहिला" असं सांगा. निदान करणं त्याचं काम आहे, त्याला लागणारी लक्षणं नीट टिपणं आपलं. आणि बिल हातात आलं की प्रत्येक नव्या पार्टबद्दल एकच प्रश्न विचारा : जुना खराब आहे हे कोणत्या तपासणीत दिसलं? प्रामाणिक कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही. मोजलेले व्होल्ट, गेजवरचा दाब, टेस्टरवर न दिसलेली ठिणगी, यांपैकी काहीतरी तो लगेच सांगतो. ज्या पार्टबद्दल असं उत्तर मिळत नाही, तो बदलायला होकार देण्याआधी तपासणी पुन्हा करून घ्या.